सर्वानुमते

टाचणी टोचली ती चुकून की मुद्दाम, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. कोटाचं अस्तर उसवलं होतं, बाह्याही थोड्या आखूड करायच्या होत्या, म्हणून नगरसभेच्या कचेरीतून घरी जाताना ती वाटेवरच्या शिवणाच्या दुकानात शिरली होती. दुकान शिंपीणबाईंचं आहे हे तिला माहीत होतं, आणि तसं म्हटलं तर नव्हतंही. नगरसभेत नऊ बायका सदस्य होत्या. शिंपीणबाई त्यांतल्या एक. तोंडावर त्यांना सगळे 'सन्माननीय सदस्या' म्हणत आणि पाठ फिरली की 'शिंपीणबाई'. त्या सभेत बसायच्या ते एक जग, आणि पायमशीन चालवायच्या ते दुसरं, अशी आपली सोयीची वाटणी हिने मनात करून ठेवली होती. दुकानात दोन मशीनं, कोपरा उडालेला एक उंच आरसा आणि त्या आरशासमोर कोट घालून, हात आडवे धरून ही उभी. शिंपीणबाईंच्या ओठांत पाच टाचण्या. तोंडात टाचण्या असलेली बाई काही बोलणार नाही, या भरवशावर ही निवांत होती. पण शिंपीणबाईंनी एकेक टाचणी ओठांतून काढून बाहीला लावली, पाचवी लावायच्या आधी थांबल्या आणि आरशातूनच म्हणाल्या, "मी नाही म्हटलं होतं."

"कशाला?" हिने विचारलं. विचारताना आपला आवाज किती सरळ लागला, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"कशाला ते तुम्हाला माहितीये. चार हातांवर बसला होतात. लिहून घेत होतात." आणि पाचवी टाचणी मनगटाच्या आतल्या बाजूला टोचली. "लागलं का?"

"नाही," ती म्हणाली. लागलं होतं.

मग शिंपीणबाई खडूने रेघ मारत, आवाज न चढवता सांगत राहिल्या. प्रसूतिगृहाच्या फाटकावर नोटीस लागली आहे: सभेने सर्वानुमते घेतलेल्या निर्णयानुसार हे प्रसूतिगृह महिनाअखेर बंद करण्यात येत असून जागा वाहनतळासाठी वर्ग करण्यात येत आहे. सर्वानुमते. "काल एक पोरगी शिवायला टाकलेलं कापड परत घेऊन गेली. नववा लागलाय तिला. म्हणाली, मावशी, तुम्हीपण हात वर केलात? आम्ही तुम्हाला निवडून कशाला दिलं? म्हटलं, थांब, कागद आणून दाखवते. गेले कचेरीत, ठरावाचा कागद घेतला, दाराशी उभं राहून वाचला." त्यांनी रेघ पूर्ण केली. "कागदात मी आहेच कुठे? मंगळवारी मिळेल कोट."

रस्त्याने चालताना ती मनगट चोळत होती. रक्ताचा एवढासा थेंब, पण ठणका खांद्यापर्यंत. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. एकोणीस वर्षं ती नगरसभेची लेखनिक होती. सभेत जे बोललं जाई ते लघुलिपीत उतरवायचं, मग त्याचं इतिवृत्त टाइप करायचं, सचिवांची सही घ्यायची आणि पुढच्या सभेत पहिल्या विषयाला ते मोठ्याने वाचायचं. वाचून झालं की सभा म्हणणार, कायम. एवढं झालं की जे लिहिलं ते घडलं, आणि जे लिहिलं नाही ते घडलं नाही. कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी सचिवांनी तिला खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं आणि समजावलं होतं, "बाई, उतरवून सगळं घ्या. पण टाइप सगळं करायचं नाही. इतिवृत्त म्हणजे पथ्याचं जेवण. त्यात मसाला घालायचा नाही." मसाला म्हणजे काय, हे हळूहळू आपलं आपल्यालाच कळत गेलं. पुरुष सदस्य तावातावाने भांडले तर ते 'सविस्तर चर्चा झाली'. अध्यक्ष चिडले तर 'मार्गदर्शन केले'. पुढे कायदा झाला, बायकांना जागा राखून मिळाल्या, एका निवडणुकीत एकदम नऊजणी येऊन बसल्या, तेव्हा सचिवांनी त्यांच्यासाठीही एक वाक्य तयार करून दिलं: महिला सदस्यांनीही आपले विचार मांडले. वाक्य सुबक होतं. त्यातला तो 'ही' तर फारच सभ्य होता. ते इतक्या वेळा लागायचं, की तिने संगणकावर त्याची सोयच करून ठेवली. दोन कळा एकदम दाबल्या की अख्खं वाक्य आपोआप उमटायचं. दोन कळा. एखादी बाई पाण्यासाठी वीस मिनिटं बोललेली असायची, दुसरी शाळेच्या संडासाला दार नाही म्हणून रडवेली झालेली असायची, आणि हिच्या डाव्या हाताची दोन बोटं टक् करून खाली जायची.

बरं, हे कुणी बंदूक रोखून करून घेतलं म्हणावं, तर तसंही नव्हतं. तिला ते आवडायचं. हीच गोष्ट तिला आता रस्त्यातल्या गर्दीत, कुणाचा तरी धक्का खात, कबूल करावी लागत होती. सभेतला गदारोळ तिच्या हाताखालून जाऊन चार स्वच्छ परिच्छेदांत बसला, की तिला घर आवरल्याचं समाधान मिळायचं. त्या नऊजणी कलकलाट करतात, मुद्द्याला धरून बोलत नाहीत, असं चहाच्या वेळी पुरुष म्हणायचे, तेव्हा हीपण गालात हसायची. आपण त्यांच्यातल्या नाही, आपण कागदाच्या बाजूच्या, असा एक गुळगुळीत माज तिच्या अंगात मुरला होता. अध्यक्षांनी एकदा भर सभेत म्हटलं होतं, "आमच्या लेखनिकबाई बघा, एकोणीस वर्षांत एक शब्द बोलल्या नाहीत. याला म्हणतात काम." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तिने घरी आल्यावर आरशात पाहून केस सारखे केले होते. आता ते आठवून तिची कानशिलं शरमेने तापली.

घरी आल्यावर चपला न काढताच तिने कपाट उघडलं. खालच्या खणात लघुलिपीच्या वह्या होत्या, एकोणीस वर्षांच्या, निळ्या पुठ्ठ्यांच्या. त्या जाळून टाकायच्या असा नियम होता आणि तिने तो कधी पाळला नव्हता. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिची लघुलिपी वळणाला इतकी वेडीवाकडी झाली होती, की तिच्याशिवाय ती जगात कुणालाही वाचता येत नव्हती. म्हणजे त्या नऊजणींचं आणि त्यांच्या आधीच्यांचं सगळं बोलणं या खणात होतं, जसंच्या तसं, आणि त्याची किल्ली एका मुक्या बाईच्या डोक्यात. मागच्या सभेचं पान तिने काढलं. बोट फिरवत वाचलं. शिंपीणबाई म्हणाल्या होत्या: माझा या ठरावाला विरोध आहे. बारा खाटा आहेत, त्यातल्या सातव्या खाटेवर माझा जन्म झाला, आणि माझ्या दोन्ही पोरांचा. दुसरं हॉस्पिटल पुलाच्या पलीकडे आहे. गर्दीच्या वेळी पूल ओलांडायला पाऊण तास लागतो. कळा पाऊण तास थांबत नाहीत. माझा विरोध लिहून घ्या. मग अध्यक्ष म्हणाले होते: तुम्ही कशाला घाबरता बाई, तुमचं वय सरलं की आता. आणि पुढे एक बारीक वेटोळं. ती तिची स्वतःची खूण होती, लघुलिपीच्या पुस्तकात नसलेली. वेटोळं म्हणजे हशा. तिने पानं मागे मागे उलटली. बाईच्या प्रत्येक भाषणाच्या शेपटाला एक वेटोळं होतं. कुठे दोन. जाळायच्या वह्यांमध्ये एकोणीस वर्षांचं हसणं मोजून ठेवलेलं होतं आणि ते मोजणारी तीच होती.

'लिहून घ्या' असं तिला आणखी कुणी म्हटलं नव्हतं. पण कुठेच न लिहिलेला असा एक विरोध तिने ऐकला होता, तेही फार पूर्वी, दहा वर्षांची असताना. खिडकीशी बसून ती पाढे लिहीत होती. बैठकीच्या खोलीत वडील, दोन्ही काका आणि वडिलांचे एक स्नेही. ताईचं स्थळ ठरत होतं. ताई घरात नव्हती. असल्या वेळी जिचं लग्न तिला शेजारी पाठवायची रीत असते. आई कपांचा ट्रे घेऊन आत आली, कप ठेवले, आणि परत न जाता तिथेच उभी राहिली. म्हणाली, "नाही. मला पसंत नाही. माणूस रागीट आहे, मी त्याच्या आईचे हात पाहिलेत. आणि पोरीला अजून शिकायचंय." सगळं दोन दमांत म्हणाली, पाठ केल्यासारखं. वडिलांनी मान वळवली नाही. धाकट्या काकांनी साखर ढवळली. चमच्याचा आवाज थांबला तेव्हा वडील म्हणाले, "चला, तर मग सगळ्यांच्या पसंतीने ठरलं म्हणायचं." आई रिकामा ट्रे छातीशी धरून उभी होती. तिने खिडकीकडे पाहिलं, सरळ हिच्याकडे. काय होतं त्या नजरेत? ही पुन्हा पाढ्यांत शिरली. सतरा एके सतरा. त्या घरात मुलींनी हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवायचं, हे कुणी शिकवावं लागत नव्हतं. तिसऱ्या वर्षी ताई ओठ फुटलेला घेऊन दारात आली, आणि वडील बसलेले असताना आईला म्हणाली, "तूसुद्धा हो म्हणालीस ना." आईने काही उत्तर दिलं नाही. तिने एकदा सांगून पाहिलं होतं, दुसऱ्यांदा कुणासाठी सांगायचं? ही तेव्हाही खोलीत होती. तेव्हाही गप्प होती. पुढे ताई वेगळी राहिली, नोकरीला लागली, ताठ झाली, पण आईच्या शेवटच्या आजारपणात आली नाही. आई गेली त्यालाही आता अकरा वर्षं झाली. मूग गिळायची सवय लागली, की माणूस त्यावरच पोट भरायला शिकतं.

रविवारी दुपारी तिने ताईला फोन लावला. दोघींत फोन व्हायचे ते गुडघेदुखीचे आणि औषधांचे. तिने प्रस्तावना केली नाही. म्हणाली, "ताई, तुझं लग्न ठरलं तेव्हा आईने नाही म्हटलं होतं. सगळ्यांसमोर. मी तिथे होते."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला. "छोटे," ताई म्हणाली, "तू तेव्हा किती वर्षांची होतीस?"

"दहा."

"आणि आता?"

"पंचावन्न."

"पंचेचाळीस वर्षं तुला वेळ मिळाला नाही?" ताईने फोन आपटला. ती हातातल्या फोनकडे बघत बसली. बरोबर होतं तिचं. खरं उशिरा सांगितलं तर ते फुकट मिळत नाही, सांगणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यालाही. आता ताईला आईच्या मागे राहिलेली सगळी वर्षं नव्याने जगावी लागणार होती, रागाचा आधार काढून. दहा मिनिटांनी फोन वाजला. ताईचा आवाज जड होता, पण सरळ. "काय म्हणाली ती? तुझ्या भाषेत नको. तिच्या शब्दांत सांग." तिने सांगितलं. नाही, इथपासून शिकायचंय, इथपर्यंत. त्यात त्या माणसाच्या आईच्या हातांचं वाक्यही आलं. मधे श्वास कुठे घेतला होता, तेसुद्धा तिला आठवत होतं. मग ताई म्हणाली, "पुन्हा सांग." तिने पुन्हा सांगितलं.

सोमवारी ती इतिवृत्त टाइप करायला बसली. मंगळवारी सभा. ठराव होतो त्याच दिवशी त्याचा कागद बाहेर पडतो, नोटिसा लागतात, सगळं होतं. पण इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम होईपर्यंत सगळा मामला कच्चा असतो. आणि नियमांच्या पुस्तकात, जे तिच्याशिवाय कुणी उघडत नसे, असं होतं, की सार्वजनिक जागेचा वापर बदलताना एका जरी सदस्याचा विरोध नोंदलेला असला, तर नागरिकांच्या हरकती ऐकल्याशिवाय ठरावाची अंमलबजावणी होत नाही. एका जरी. म्हणून तर 'सर्वानुमते' या शब्दावर अध्यक्षांचा इतका जीव. ती टाइप करत शिंपीणबाईंपर्यंत आली आणि डाव्या हाताची दोन बोटं आपसूक खाली गेली. टक्. 'महिला सदस्यांनीही आपले विचार मांडले.' किती शहाणी झाली होती ती बोटं! तिने वाक्य खोडलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा टक्. तिसऱ्यांदा तिने डावा हात मांडीखाली दाबून धरला आणि एका उजव्या हाताने, एकेक अक्षर शोधत, शाळकरी पोरीसारखं सगळं उतरवलं. सातवी खाट, पूल, पाऊण तास. अध्यक्षांचं वाक्यही, त्यांच्या नावावर. मग वेटोळ्यापाशी थांबली. हशाला शब्द काय द्यायचा? हशाला हशाच. तिने लिहिलं: सभागृहात हशा.

भीती वाटत नव्हती असं नाही. चांगली सणसणीत वाटत होती. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं म्हणजे निदान पोहता तरी यायला हवं. पानं घेऊन ती सचिवांसमोर उभी राहिली. सचिवांनी अध्यक्षांचं सुरुवातीचं भाषण बारकाईने वाचलं, एक स्वल्पविराम हलवला, आणि बाकीच्या पानांवर कोणाशी तरी फोनवर बोलत भराभर सह्या केल्या. शिंपीणबाईंचं बोलणं होतं त्या सहाव्या पानावर त्यांचं पेन अडखळलं. पेनातली शाई संपली होती. त्यांनी तिचंच पेन मागून घेतलं. "तुमचं काम म्हणजे डोळे मिटून सही," ते पेन परत करताना म्हणाले. माणूस तसा वाईट नव्हता, पाणी देणारा होता. त्याचा विश्वास आपण मोडतोय हे तिला कळत होतं आणि त्याचं वाईटही वाटलं. पण त्या विश्वासाची किंमत आजवर दुसऱ्याच कुणीतरी भरत आली होती.

मंगळवारी शिंपीणबाई सभागृहात आल्या त्या हातात कागदात गुंडाळलेलं पुडकं घेऊन. जाता जाता ते त्यांनी लेखनिकेच्या टेबलावर ठेवलं. "बाह्या बघून घ्या," एवढंच म्हणाल्या, आणि मागच्या रांगेत आपल्या जागी जाऊन बसल्या. पहिला विषय: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ती उभी राहिली. हा विषय म्हणजे सगळ्यांची विश्रांती, हे एकोणीस वर्षांच्या अनुभवाने तिला ठाऊक होतं. या वेळात कप फिरत, मोबाइल निघत, अध्यक्ष शेजारच्याच्या कानाशी लागत. ती एका पट्टीत वाचायची, आणि पान संपल्यावर थांबली की ऐकणारा असो वा नसो, मागच्या बाकांवरून आपोआप आवाज यायचा, कायम! त्या आवाजाला डोकं नव्हतं, फक्त तोंड होतं. एकेक पान असं कायम होत गेलं. सहावं पान तिने हातात घेतलं. ते तिने टेबलावर टेकवलं, आणि आवाज रोजचाच ठेवला, सपाट, पथ्याचा. माझा या ठरावाला विरोध आहे. बारा खाटा आहेत. कपबशा वाजत होत्या. सातव्या खाटेवर माझा जन्म झाला. नऊजणींतल्या एकीने मान वर केली. मग दुसरीने. कळा पाऊण तास थांबत नाहीत. अध्यक्ष शेजाऱ्याला काहीतरी सांगत होते, त्यांचा हात हवेत होता. तुम्ही कशाला घाबरता बाई, तुमचं वय सरलं की आता. आपलंच वाक्य कानावर पडल्यासारखं होऊन अध्यक्षांचा हात हवेतच थांबला. सभागृहात हशा, तिने वाचलं, त्याच पट्टीत, आणि पान संपलं, आणि ती थांबली.

"कायम!" मागून सवयीचा आवाज आला. "कायम, कायम!" आणखी दोघे-चौघे, तोंडात बिस्किट असलेले.

अध्यक्ष सचिवांकडे वळले. "हे काय आहे? हे कुठून आलं?" सचिवांनी सहावं पान ओढून घेतलं, स्वतःची सही पाहिली, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि चेहरा पुसला. "साहेब," ते अगदी हळू म्हणाले, पण माइक चालू होता, "ते कायम झालं. आता हरकती मागवाव्या लागतील."

"त्या पानाचं मला ऐकू आलं नाही नीट," मागच्या रांगेतून शिंपीणबाई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. "पुन्हा वाचा."

अध्यक्ष काही म्हणायच्या आत तिने सचिवांच्या हातातून पान घेतलं आणि पुन्हा वाचलं. या वेळी आवाज सपाट ठेवणं तिला जमलं नाही, आणि तिने फार प्रयत्नही केला नाही. आईने जिथे श्वास घेतला असता तिथे तिने घेतला. संपवून ती खाली बसली. निळ्या पुठ्ठ्याची वही उघडली, तारीख घातली, पेन टेकवलं. मनगटावरचा टाचणीचा ठिपका अजून काळसर होता.

"बाई," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी चष्मा काढला होता. "तुमचं काय करायचं ते मी नंतर बघतो. आणि आत्ताचं हे काहीएक लिहायचं नाही."

तिने लिहिलं: अध्यक्ष म्हणाले, बाई, तुमचं काय करायचं ते मी नंतर बघतो, आणि आत्ताचं हे काहीएक लिहायचं नाही. तिचं पेन चालताना सगळ्यांना दिसत होतं. मागच्या रांगेत आधी शिंपीणबाई हसल्या, मग शेजारची, मग नऊच्या नऊ. तिने मान वर केली नाही. ओळीच्या शेवटी एक वेटोळं काढलं.